सोन्याचा कस आणि हिणाचा हिशेब

(साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आज आपण सोन्याविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, गुरुजी, आमच्या घरात सोने ते किती! चार मणी, दोन वाट्या, कानातली फुले, फार तर एखादी बोरमाळ. एवढ्यासाठी भाषण कशाला?

थोडे आहे, म्हणूनच बोलायचे. श्रीमंताचे तोळाभर सोने कमी भरले, तर त्याच्या घरची चूल थांबत नाही. आपले गुंजभर कमी भरले, तरी ते बोचते. पाऊस दगा देतो. बैल मरतो. पोरीचे लग्न ठरते. कुणाला तातडीने दवाखान्यात न्यावे लागते. अशा वेळी आपण डब्यातला डाग काढतो, गहाण ठेवतो किंवा मोडतो. समोरचा माणूस डाग हातात घेऊन म्हणतो, “यात हीण फार आहे.” आणि आपण गप्प बसतो. हीण म्हणजे काय, ते किती चालते, ते कसे मोजतात, हे आपल्याला ठाऊक नसते. आज ते ठाऊक करून घेऊ.

हीण घालतात तरी कशाला?

पहिली गोष्ट नीट ध्यानात घ्या. दागिन्यात हीण असते, म्हणजे सोनार लबाड असतो, असं नाही. चोख सोने फार नरम असते. इतके नरम, की एका ग्रॅमची दोन किलोमीटरहून लांब तार ओढता येते. हा त्याचा गुण. दागिन्याच्या बाबतीत हाच त्याचा अवगुण. चोख सोन्याची अंगठी घालून खुरपे धरले, भांडी घासली, की ती वाकते, चेपते, झिजते. झिजलेले सोने मातीत जाते. ते परत मिळत नाही.

आपण घराची भिंत लिंपतो. नुसत्या मातीने लिंपली तर ती तडकते. म्हणून मातीत भुसा कालवतो. भुसा घातला म्हणून कुणी भिंतीला खोटी म्हणत नाही. पण मातीच्या भावाने भुसा विकला, तर ती लबाडी. सोन्याचंही तसंच आहे. हीण घालणे ही कारागिरी. हीण लपवणे ही फसवणूक. एवढे एक वाक्य आज घरी घेऊन जा.

हीण म्हणून मुख्यत्वे दोन धातू घालतात, तांबे आणि चांदी. तांबे जास्त घातले, की सोन्यावर लाली चढते. चांदी जास्त घातली, की ते फिके पडते. दोन्ही बेताने घातले, तर पिवळा रंग राहतो. म्हणून नुसत्या रंगावरून कस ठरवू नये. लालसर सोने म्हणजे हलके आणि पिवळे म्हणजे चोख, असं नसतं. दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं.

बारा माशांचा हिशेब

आता हिशेब. घाबरू नका. बोटावर होतो.

आपल्या जुन्या मापात आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा. तो तोळा सुमारे ११.६६ ग्रॅमचा. आज बोलताना पुष्कळ लोक १० ग्रॅमलाच तोळा म्हणतात. म्हणून दुकानात तोळा शब्द निघाला, की विचारावे, “तोळा म्हणजे किती ग्रॅम?”

सोन्याचा कस कॅरटमध्ये सांगतात. चोख सोन्याचे २४ भाग धरतात. २४ कॅरट म्हणजे सगळेच चोख. २२ कॅरट म्हणजे २२ भाग सोने आणि २ भाग हीण. तोळ्याचे मासे १२, म्हणजे २४ च्या निम्मे. मग एक मासा म्हणजे दोन कॅरट झाले. पाहा किती सोपे झाले!

२२ कॅरटच्या एक तोळ्यात ११ मासे सोने, १ मासा हीण.

१८ कॅरटच्या एक तोळ्यात ९ मासे सोने, ३ मासे हीण.

१४ कॅरटच्या एक तोळ्यात ७ मासे सोने, ५ मासे हीण.

समजा, एका बाईने दोन तोळ्यांची माळ २२ कॅरटची म्हणून घेतली. निघाली १८ कॅरटची. तर तिचे किती सोने गेले? एका तोळ्याला ११ वजा ९, म्हणजे २ मासे. दोन तोळ्यांना ४ मासे. तोळ्याचा तिसरा हिस्सा गेला! माळ तीच, वजन तेच, चकाकी तीच. फरक फक्त आकड्यात होता, आणि तो आकडा तिला कुणी दाखवला नाही.

यावर एक जुनी हकिगत सांगतो. १९६२ साली चीनशी युद्ध झाले. देशाजवळ परकीय चलन थोडे होते आणि चोरटे सोने बाहेरून येत होते. म्हणून जानेवारी १९६३ मध्ये सरकारने नियम केला, की १४ कॅरटपेक्षा जास्त कसाचा नवा दागिना घडवू नये. हेतू देशाच्या हिताचा होता. पण लोकांना ते सोने रुचले नाही आणि असंख्य सोनारांच्या हातचे काम गेले. ती अट १९६६ साली उठली. सोने नियंत्रणाचा कायदा मात्र १९६८ साली आला आणि १९९० साली रद्द झाला. लोकांना १४ कॅरट का रुचले नाही? आपल्याकडे दागिना ही नुसती हौस नव्हे. ती अडीनडीची शिल्लक आहे. आणि शिल्लक ठेवायची, तर माणूस हीण कमी आणि सोने जास्त असलेलीच ठेवणार.

सोनार हीण कसे मिसळतो?

सोनार आधी चोख सोने तोलतो. २२ कॅरट करायचे, तर ११ भाग सोन्याला १ भाग हीण. मग मुशीत सोने घालून तापवतो. वरून टाकणखार टाकतो. टाकणखाराने मळ निघतो आणि रस मोकळा वाहतो. सोने सुमारे १०६४ अंश उष्णतेला वितळते. रस झाला, की तांबे-चांदी टाकून तो ढवळतो, म्हणजे सगळीकडे सारखे मिसळते. नीट ढवळले नाही, तर एकाच लगडीच्या एका टोकाला कस जास्त आणि दुसऱ्या टोकाला कमी, असं होतं. मग रस साच्यात ओततो. लगड झाली, की ती ठोकतो, पुन्हा तापवून नरम करतो, पुन्हा ठोकतो. हिणाचे तांबे स्वच्छ असावे लागते. त्यातून शिसे थोडे जरी शिरले, तरी सोने ठिसूळ होऊन हातोडीखाली तडकते.

कड्या जोडायला डाख लागतो. डाख दागिन्याच्या आधी वितळला पाहिजे, नाहीतर दागिनाच वितळेल. पूर्वी डाखासाठी सोन्यात कॅडमियम नावाचा धातू मिसळत. त्यालाच बाजारात ‘केडीएम’ म्हणत. कॅडमियमचा धूर कारागिराच्या फुप्फुसांना आणि मूत्रपिंडांना घातक असतो. म्हणून “हे केडीएमचे आहे” असं कुणी कौतुकाने सांगितले, तर भुलू नका. केडीएम हा कसाचा सरकारी शिक्का नव्हे.

उलटा धंदा : गलाई

सोन्यात हीण घालता येते, तसे ते काढताही येते. त्या कामाला गलाई म्हणतात. आपल्या सांगली जिल्ह्यातला विटे, खानापूर, आटपाडी हा दुष्काळी मुलूख. पाऊस थोडा, जमीन हलकी. तिथली माणसे पिढ्यान्‌पिढ्या गाव सोडून देशातल्या दूरदूरच्या शहरांत गेली आणि सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यात नावारूपाला आली.

ते काम असे. जुना दागिना वितळवतात. त्यात आणखी चांदी घालतात, इतकी, की सोने चौथा हिस्सा राहावे. तो रस पाण्यात ओतून त्याचे दाणे पाडतात. मग दाणे तेजाबात उकळतात. तेजाब चांदी आणि तांबे विरघळवते, पण सोन्याला शिवत नाही. तळाशी तपकिरी भुकटी उरते. ती धुऊन वितळवली, की पिवळे चोख सोने! तेजाबात गेलेली चांदीही वाया जात नाही. त्यात तांब्याची पट्टी टाकली, की चांदी परत बाहेर पडते.

मात्र हे काम घरी करून पाहण्याचे नाही बरं का! तेजाबातून तांबूस धूर निघतो, तो छातीला फार वाईट.

कस पाहण्याच्या रीती

आता मुख्य प्रश्न. डागात सोने किती, हे ओळखायचे कसे?

पहिली रीत कसोटीची. कसोटी म्हणजे काळा, गुळगुळीत, टणक दगड. त्यावर डाग घासला, की रेघ उमटते. शेजारी ठाऊक कसाच्या सोन्याची रेघ ओढतात आणि दोन्ही रेघा ताडून पाहतात. मग तेजाबाचा थेंब टाकतात. तांब्या-पितळेची रेघ पुसून जाते. चांगल्या सोन्याची रेघ टिकते. ही रीत फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कसोटीचे वर्णन आहे, सोन्यावर देखरेख करणाऱ्या सुवर्णाध्यक्षाची कामे सांगितली आहेत, आणि तराजूत खोट ठेवण्यापासूनच्या लबाड्यांची यादीसुद्धा आहे. म्हणजे फसवणूकही जुनी आणि तिच्यावरचा पहाराही जुना. पण कसोटीला एक उणेपण आहे. ती वरवरचे सांगते. वर सोन्याचा जाड मुलामा आणि आत तांबे असेल, तर रेघ सोन्याचीच उमटते. शिवाय २२ आणि २१ मधला बारीक फरक सरावलेल्या डोळ्यालाही चकवतो.

दुसरी रीत पाण्याची. सिसिली बेटावर सिराक्यूज नावाचे शहर आहे. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी तिथे आर्किमिडीज नावाचा पंडित होता. राजाच्या मुकुटात सोनाराने चांदी मिसळली की काय, हे मुकुट न मोडता त्याने पाण्याच्या साह्याने शोधले, अशी गोष्ट सांगतात. त्यातले तत्त्व सोपे आहे. सोने फार जड. सारख्याच वजनाचे तांबे घेतले, तर ते आकाराने दुपटीहून मोठे होते. १० ग्रॅम चोख सोने पाण्यात बुडवून तोलले, तर वजन सुमारे अर्धा ग्रॅम घटते. १० ग्रॅम तांबे तसेच तोलले, तर एक ग्रॅमहून जास्त घटते. म्हणजे पाण्यात जितकी घट जास्त, तितके हीण जास्त. पण डाग पोकळ असला, त्यात लाख किंवा खडे असले, तर ही रीत चुकते. टंगस्टन नावाचा धातू तर जवळजवळ सोन्याइतकाच जड असतो. त्याची पाचर आत बसवली, तर पाणीही फसते.

तिसरी रीत आगीची. सगळ्यांत खात्रीची हीच. डागाचा चिमूटभर तुकडा काढून अचूक तोलतात. त्यात चांदी घालून तो शिशाच्या पत्र्यात गुंडाळतात. हाडांच्या राखेच्या किंवा मॅग्नेशियाच्या छोट्या वाटीत ठेवून भट्टीत घालतात. शिसे तांब्याला बरोबर घेऊन वाटीत मुरून जाते. वर सोने-चांदीची गोळी उरते. ती चपटी करून तेजाबात उकळली, की चांदी जाते. राहिले ते निव्वळ सोने. ते पुन्हा तोलायचे. समजा, तुकडा २५० मिलिग्रॅम होता आणि सोने २२९ मिलिग्रॅम भरले. तर हजारात ९१६ भाग सोने आले. हाच तो ९१६ चा आकडा. २२ कॅरट म्हणा की ९१६ म्हणा, अर्थ एकच.

चौथी रीत क्ष-किरणांच्या यंत्राची. डाग न मोडता थोड्या वेळात यंत्र आकडे दाखवते. सोय मोठी. पण हे यंत्रही वरचा थर पाहते, पोटातले नाही. म्हणून शंका राहिली, तर आगीचीच परीक्षा करावी लागते.

अंगठीवरची अक्षरे वाचा

आता तुम्ही विचाराल, गुरुजी, आम्ही काय भट्टी मांडून बसायचे? नाही. त्यासाठीच हॉलमार्क आहे. भारतात सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क करायची सोय भारतीय मानक ब्यूरो या सरकारी संस्थेने २००० साली सुरू केली. जून २०२१ पासून ती २५६ जिल्ह्यांत सक्तीची झाली आणि पुढे आणखी जिल्हे जोडले गेले. सोनार डाग तपासणी केंद्रावर पाठवतो. तिथे परीक्षा होते आणि डागावर बारीक अक्षरे उमटवतात.

त्या खुणा तीन. एक, ब्यूरोची त्रिकोणी खूण. दोन, कसाचा आकडा. तीन, सहा अक्षरी क्रमांक. हा क्रमांक प्रत्येक डागाचा वेगळा असतो. एप्रिल २०२३ पासून सक्तीच्या ठिकाणी या क्रमांकाशिवाय नवा डाग विकता येत नाही.

इथे तुमची नवी विद्या कामाला येते. पण एक मेख आहे. डागावरचे आकडे इंग्रजी असतात. तुम्ही शिकलात मराठी आकडे. इंग्रजी नऊ आपल्या मराठी एकासारखा दिसतो. इंग्रजी एक म्हणजे नुसती उभी काठी. इंग्रजी सहाचे पोट खाली गोल असते आणि शेपटी वर वळलेली असते. म्हणून ९१६ पाहताना गोंधळू नका. हे आकडे मोबाईलवर आणि एसटीच्या गाडीवर रोज दिसतात. चार दिवस गिरवले, की येतील. २२ कॅरटवर ९१६ असते, २० वर ८३३, १८ वर ७५०, १४ वर ५८५.

अक्षरे फार बारीक असतात. म्हणून दुकानात भिंग मागा. लाजू नका. पैसे तुमचे आहेत. घरात कुणाच्या मोबाईलवर ‘बीआयएस केअर’ हे ॲप असेल, तर तो सहा अक्षरी क्रमांक त्यात घालून पाहा. डाग काय आहे, कस किती, कुठल्या केंद्रात तपासला, हे सारे दिसते. डाग अंगठीचा आणि ॲपवर लिहिलेय बांगडी, तर तिथेच थांबा.

आपल्या गावचा सोनार छोटा असेल. वर्षाला ४० लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या दुकानाला या सक्तीतून सूट दिली आहे. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या डागालाही सूट आहे. तेव्हा शिक्का नाही म्हणून आपल्या सोनाराला चोर म्हणू नका. पिढ्यांचा विश्वास आहे, तो ठेवा. पण विश्वासाला कागदाची जोड द्या. पावतीवर चार गोष्टी लिहून घ्या. कस किती, खडे आणि लाख वजा जाता निव्वळ वजन किती, त्या दिवसाचा भाव काय, घडणावळ किती. पोकळ मण्यांत लाख भरतात, त्यात गैर नाही. पण लाख सोन्याच्या भावाने घेऊ नये.

तरीही मनात शंका राहिली, तर मान्य तपासणी केंद्रावर फी भरून आपला डाग तपासून घेता येतो. हॉलमार्कचा डाग कमी कसाचा निघाला, तर २०१८ च्या नियमांप्रमाणे जितके सोने कमी भरले, त्याच्या किमतीच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च गिऱ्हाइकाला मिळायचा असतो. पण त्यासाठी पावती हवी. पावती नाही, तर तोंडी बोलण्याला कोण विचारतो?

आयाबहिणींनो, तुम्हाला विशेष सांगतो. अंगावरचे सोने तुमचे. मग त्याची पावती दुसऱ्याच्या खिशात का? ती तुमच्या डब्यात ठेवा, आणि ठेवण्याआधी स्वतः वाचा. एकेक अक्षर लावून वाचा. अडलात, तर वर्गात घेऊन या. आपण सगळे मिळून वाचू.

उद्याचा अभ्यास सांगतो. घरात जो डाग असेल, तो उजेडात धरून आतल्या बाजूला काही लिहिले आहे का, ते पाहा. दिसले, तर वहीत उतरवून आणा. नाही दिसले, तर तेही लिहा. मग त्या आकड्यावरून एका तोळ्यात सोने किती मासे आणि हीण किती, हे आपण फळ्यावर मांडू. पाटी-पेन्सिल बरोबर आणा.